मूळ रेकॉर्ड की रीमास्टर? रेगे अल्बमच्या आवृत्त्यांची तुलना कशी करावी

रेगेच्या एखाद्या जुन्या अल्बमची रीमास्टर केलेली आवृत्ती निघाली की "मूळ रेकॉर्डपेक्षा चांगली वाजते का?" ही विचारणा लगेच सुरू होते. रेगेच्या बाबतीत त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते आणि ती राहून गेली तर पुढचं सगळं ऐकणं वाया जातं. दोन्हींवर मिक्स, म्हणजे वाद्यांची आणि आवाजाची मांडणी, एकच आहे का? सत्तरच्या दशकात किंग्स्टनमध्ये मुद्रित झालेला अल्बम जमैकात एका मिक्समध्ये आणि लंडनमध्ये दुसऱ्याच मिक्समध्ये निघाला, असं अनेकदा घडलं. टेप महाग असायची, म्हणून जुन्या टेपवरच नवं काही मुद्रित व्हायचं. एकाच रिदमवर, म्हणजे गाण्यामागच्या तयार ड्रम-बासच्या साथीवर, वेगवेगळे गायक गाऊन जायचे. काही मास्टर टेप हरवल्या, काही खराब झाल्या, आणि मग पुनर्प्रकाशनाच्या वेळी एखादी बऱ्या अवस्थेतली जुनी रेकॉर्ड वाजवून तिच्यावरूनच नवी काढली गेली. "मूळ ते मूळच" किंवा "रीमास्टर स्वच्छ असतं" असं सरसकट सांगणारा माणूस बहुतेक वेळा दोन वेगळ्या वस्तू समोर ठेवून बोलत असतो.

म्हणून कान लावण्याआधी थोडा शोध घ्यायचा. खरं काम तिथेच आहे.

आधी मिक्सचा पत्ता लावा

तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला शिका. मिक्स म्हणजे प्रत्येक वाद्याची आणि आवाजाची टेपवरची वेगळी पट्टी एकत्र आणताना केलेली मांडणी. ती मांडणी तशीच ठेवून तयार टेपचा पोत, जोर आणि पातळी नव्याने बसवणं म्हणजे रीमास्टर. मांडणीच पुन्हा केली तर ते रीमिक्स. कव्हरवर मात्र "रीमास्टर्ड" हा शब्द तिन्हींसाठी सर्रास छापलेला आढळतो.

उदाहरणासाठी बॉब मार्लीच्या वेलर्स गटाचा 'कॅच अ फायर' घ्या. १९७३ साली आयलंड या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या या अल्बमचं मूळ मुद्रण किंग्स्टनमध्ये आठ ट्रॅकच्या टेपवर झालं. नंतर त्या टेप लंडनला गेल्या आणि आयलंडचा संस्थापक ख्रिस ब्लॅकवेलने त्या आयलंडच्या बेसिंग स्ट्रीट स्टुडिओत हाताळायला घेतल्या. तिथे वेन पर्किन्सची गिटार आणि जॉन 'रॅबिट' बंड्रिकचे कीबोर्ड वर चढवून अल्बम नव्याने मिक्स झाला. जगाने ऐकला तो हा. लंडनची भर नसलेलं जमैकन मिक्स २००१च्या डीलक्स आवृत्तीच्या पहिल्या डिस्कवर प्रथमच अधिकृतपणे आलं, आणि १९७३चा अल्बम दुसऱ्या डिस्कवर रीमास्टर होऊन आला. आता कोणी १९७३ची रेकॉर्ड आणि डीलक्सची पहिली डिस्क शेजारी ठेवून "रीमास्टरमध्ये गिटारच गायब केली" म्हणू लागला, तर त्याचा कान बरोबर असूनही निष्कर्ष चुकलेला असतो. 'काँक्रीट जंगल'मधला तो गिटारचा सोलो जमैकन मिक्समध्ये मुळातच नव्हता. तुलना करायची तर मूळ रेकॉर्ड आणि दुसरी डिस्क यांची करा. पहिली डिस्क स्वतंत्रपणे, निवांत ऐका. तिच्यातला उघडा, कमी सजवलेला नाद मला फार मोलाचा वाटतो.

बर्निंग स्पिअरच्या 'मार्कस गार्वी'चीही हीच गत. १९७५ साली जॅक रुबीने तो जमैकात निर्माण केला. आयलंडने आंतरराष्ट्रीय बाजारासाठी मिक्स बदललं आणि स्पिअरला ते रुचलं नाही. काँगोजच्या 'हार्ट ऑफ द काँगोज'ची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. ली 'स्क्रॅच' पेरीने आपल्या घराच्या आवारातल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत तो केला. १९७७ साली जमैकात थोड्याच प्रती निघाल्या, आणि पुढे पेरीने अल्बम पुन्हा मिक्स केला. १९९६ साली ब्लड अँड फायर या इंग्लिश कंपनीने तो जगासमोर नव्याने आणला. पहिल्या प्रतींवरचं मूळ मिक्स हवं असेल तर २०१७ साली व्हीपी रेकॉर्ड्सच्या '१७ नॉर्थ परेड' या शाखेने काढलेली चाळीस वर्षांची आवृत्ती शोधावी लागते.

उलट बाजूने पाहा. २०१७ सालीच बॉब मार्लीच्या 'एक्झोडस'ची चाळिशी साजरी करताना त्याचा मुलगा झिगी मार्लीने मूळ टेपमधून नवी मांडणी केली, न वापरलेले गायनाचे तुकडेही घेतले. ते चांगलं की वाईट हा वेगळा वाद. पण ते रीमास्टर नाही, त्यामुळे १९७७च्या रेकॉर्डशी नादाच्या दर्जाची तुलना तिथे करताच येत नाही.

ही माहिती मिळवायची कुठे? नव्या आवृत्तीसोबतच्या पुस्तिकेत "मूळ टेपवरून", "मूळ मोनो मिक्स" असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पाहा. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या आवृत्त्यांची यादी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या विशिष्ट प्रतीची नोंद उघडा, अल्बमच्या एकत्रित पानावर थांबू नका. पुस्तिकेत टेपचा उल्लेखच नसेल, तर टेप सापडली नसावी असा संशय धरून पुढे जा.

हातातली रेकॉर्ड वाचा

"मूळ" म्हणून विकली जाणारी प्रत खरंच पहिल्या काळातली आहे का, हे तिच्यावरच बरंचसं लिहिलेलं असतं. लेबल आणि शेवटचं गाणं यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या प्रतीच्या साच्याचा ओळखक्रमांक, असतो. रेकॉर्ड खिडकीजवळ न्या, उजेड तिरका पडू द्या आणि मोबाइलने जवळून फोटो काढा. 'कॅच अ फायर'च्या ब्रिटिश प्रतीचा क्रमांक आयएलपीएस ९२४१. त्याच्या पुढे बाजूचं अक्षर आणि कितवं कटिंग (टेपवरून खाच कोरण्याची कितवी खेप) ते येतं. जमैकन प्रतींवर हेच बहुधा हाताने कोरलेलं असतं, अक्षर वाकडंतिकडं, कधी आधीचा क्रमांक खोडून वर नवा लिहिलेला. तिथे जमैकन लेबलांच्या रंगावरून साल ठरवायच्या फंदात पडू नका. त्याच धातूच्या साच्यावरून पुढे अनेक वर्षं प्रती निघत राहिल्या, लेबलाचा कागद जो उपलब्ध असेल तो लागला.

आयलंडच्या ब्रिटिश प्रती त्या मानाने सोप्या. १९७५च्या सुमारापर्यंत गुलाबी कडेचं ताडाच्या झाडाचं लेबल, नंतर निळ्या-केशरी रंगातलं. 'कॅच अ फायर'ची पहिली ओळख तर कव्हरवरूनच पटते: लायटरसारखं वरच्या बाजूने उघडणारं झाकण आणि नाव नुसतं "द वेलर्स". मार्लीचा फोटो आणि "बॉब मार्ली अँड द वेलर्स" असलेलं कव्हर नंतरचं. आणखी एक साधी खूण: सत्तरच्या दशकातल्या अल्बमच्या कव्हरवर बारकोड छापलेला असेल तर ती प्रत नंतरची, विकणारा काहीही सांगो.

नवी रेकॉर्ड जुन्या रेकॉर्डवरून काढली आहे का हे ओळखण्याची माझी भरवशाची युक्ती अशी. गाण्याच्या सुरुवातीला, वाद्यं सुरू होण्याआधीच्या दोन सेकंदांत, हेडफोन लावून आवाज वाढवून ऐका. टेपवरून आलेल्या आवृत्तीत टेपची एकसारखी सळसळ ऐकू येते. रेकॉर्डवरून आलेल्या आवृत्तीत बारीक टिकटिक किंवा खोल घरघर राहते, किंवा ती पुसल्यामुळे आधी ठार शांतता आणि मग गाण्यासोबत अचानक उगवणारी खरखर. दुसरी जागा म्हणजे बाजूचं शेवटचं गाणं. रेकॉर्डच्या आतल्या खाचांमध्ये गायकाचे "स" आणि "श" फाटतात. हे फाटणं सीडीवर किंवा स्ट्रीमिंगवरही ऐकू आलं, तर त्याचा उगम बहुतेक कुठल्यातरी टर्नटेबलवर आहे. अशी आवृत्ती टाकाऊ असते असं मात्र नाही. टेपच उरली नसेल तर काळजीपूर्वक केलेलं असं काम हाच तो संगीत वाचवण्याचा मार्ग असतो, आणि असं काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. फक्त ते लपवू नये.

रेकॉर्डला न्याय्य संधी द्या

घाणेरडी रेकॉर्ड आणि चुकीच्या वजनाची सुई लावून मूळ प्रतीला नापास करणं सोपं आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात ठेवलेल्या रेकॉर्डवर बुरशीचे पांढुरके ठिपके येतात. ते कोरड्या ब्रशने जात नाहीत, उलट खाचेत दाबले जातात. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या बिनसुगंधी लिक्विडचे एकदोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड आणि खाचांच्या दिशेनेच गोलाकार हात. लेबल भिजू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसा, उभी ठेवून पूर्ण वाळवा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत राहतात. आतलं जुनं कागदी पाकीट फेकून द्या आणि नवं घ्या, कारण बुरशी तिथेही असते.

सुईचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कंपनीने सांगितलेलंच ठेवा. ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम. रेकॉर्ड जपायची म्हणून वजन कमी केलं तर रेगेच्या खोल बासवर सुई खाचेतून उसळते आणि खाच जास्त खराब होते.

वेग तपासा. छापील स्ट्रोब चकती (लुकलुकत्या दिव्याखाली फिरताना जिच्यावरच्या रेषा बरोबर वेगाला स्थिर दिसतात ती) वापरत असाल तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावरचं ५० हर्ट्झचं वर्तुळ बघायचं. अनेक एलईडी दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत, मग मोबाइलमधलं वेग मोजणारं अॅप बरं. सुई उतरवल्यावर टोनआर्मकडे, म्हणजे सुईच्या दांड्याकडेही बाजूने पाहा. दर फेरीला तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही. ३३⅓च्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांची, म्हणजे ऑर्गनचा लांबलेला सूर त्याच अंतराने वर-खाली डोलतो. जमैकन प्रतींमध्ये हे पुष्कळदा आढळतं. हा त्या एका प्रतीचा दोष, मास्टरिंगचा नाही. निकाल देताना तो वेगळा काढा.

दोन्ही आवाज एका पातळीवर आणा

हा टप्पा गाळणारे सर्वाधिक फसतात. एखादी आवृत्ती एका डेसिबलने जरी मोठी असली तरी ती "मोठी" वाटत नाही, "भरलेली" आणि "जिवंत" वाटते. नवी रीमास्टर्स बहुधा मोठ्या पातळीवर असतात, म्हणून पहिल्या ऐकण्यात त्यांची सरशी होते.

रेकॉर्ड संगणकावर घ्या. यूएसबीचा फोनो प्रीअँप किंवा साधा ऑडिओ इंटरफेस चालेल. २४ बिटमध्ये मुद्रित करा, सर्वांत मोठ्या ठोक्यालाही वर थोडी जागा राहील एवढीच पातळी ठेवा. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आवृत्त्यांचा अगदी तोच तुकडा कापा, साधारण दीड-दोन मिनिटांचा. टर्नटेबलची घरघर जावी म्हणून २० हर्ट्झखालचं दोन्हींतून काढा आणि 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'ने दोन्ही −२३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं हे एकक) आणा. सर्वोच्च टोकावरून म्हणजे 'पीक'वरून जुळवू नका, एखाद्या खडखडाटाच्या टोकाने सगळं मोजमाप बिघडतं. बास दोन्हींत फारच वेगळा असेल तर शेवटी कानाने खात्री करा: गायकाचा आवाज आणि स्नेअरचा ठोका दोन्हीकडे सारख्याच अंतरावर उभे वाटले पाहिजेत.

वेगाचाही हिशोब करा. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंतचा काळ मोजा. एकीकडे २४० सेकंद आणि दुसरीकडे २३७.६ भरले, तर एक टक्क्याचा फरक आहे, म्हणजे सुराचा सुमारे १७ सेंटचा (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). अर्ध्या स्वराला जवळपास सहा टक्के लागतात. एका टक्क्यानेही गाणं चपळ आणि आवाज तरुण वाटतो आणि आपण त्याला "जास्त स्पष्ट" म्हणून मोकळे होतो. 'चेंज स्पीड'ने दोन्ही सारखे करा. 'चेंज टेम्पो' नको, त्याने सूर तिथेच राहतो.

आता ऐका, पण नेमक्या जागा धरून

अख्खा अल्बम मागोमाग ऐकून मत बनवू नका. वीस-तीस सेकंदांच्या जागा निवडा आणि एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. मोबाइलच्या स्पीकरवर हे काम अजिबात होत नाही. बास गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो आणि छोटा स्पीकर तिथे पोचतच नाही.

पहिला बास. प्रश्न "किती" हा नाही, प्रत्येक सुराची सुरुवात आणि शेवट कळतो का हा आहे. 'काँक्रीट जंगल'वर बास रॉबी शेक्सपिअरने वाजवला आहे. ती ओळ तोंडाने गुणगुणता येते का पाहा. एका आवृत्तीत सूर वेगवेगळे पावलं टाकत चालतात आणि दुसरीत नुसता गोळा घुमतो, तर दुसरीत ८० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात कोणीतरी भरपूर वाढवलं आहे. इथे मूळ रेकॉर्डची मर्यादाही लक्षात असू द्या. खोल बासला रुंद खाच लागते, म्हणून एका बाजूला २५ मिनिटं कोंबलेल्या रेकॉर्डवर बास कमी करावाच लागतो. अशा अल्बमच्या टेपवरून काढलेली चांगली सीडी मूळ रेकॉर्डला बासमध्ये मागे टाकू शकते. तेच गाणं ४५च्या वेगाच्या बारा इंची रेकॉर्डवर असेल तर चित्र एकदम उलटतं.

दुसरी जागा हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसेटमधल्या जोडझांजेची. टेपची सळसळ घालवण्यासाठी सॉफ्टवेअर जोरात चालवलं असेल तर झांजेची शेपूट तुटते, "त्स्स" ऐवजी "त्स" एवढंच उरतं. ब्लॅक आर्कमध्ये पेरीकडे चारच ट्रॅक होते. तो भरलेले ट्रॅक एकत्र करून पुन्हा जागा मोकळी करायचा आणि प्रत्येक वेळी सळसळ वाढायची. ती सळसळ पुसली की त्या संगीताचं धुकंही जातं. माझ्या मते 'हार्ट ऑफ द काँगोज'सारख्या अल्बममधून ती काढणं हे नुकसानच आहे.

तिसरी जागा डबमध्ये, म्हणजे गाण्याच्या मिक्सशी खेळून केलेल्या वाद्यप्रधान आवृत्तीत, आणि इथे रीमास्टरचा खरा कस लागतो. किंग टबी किंवा एरॉल थॉम्पसन मिक्स करताना ड्रम-बास अचानक काढून घेतात, गायकाचा एक शब्द प्रतिध्वनीत भिरकावतात, दोनतीन माप (तालाची आवर्तनं) तो विरत जातो आणि मग बास परत कोसळतो. ऑगस्टस पाब्लोच्या १९७६च्या 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन'मध्ये अशा जागा पदोपदी आहेत. बास निघाला की एकूण पातळी खाली यायला हवी. पण लिमिटर (मोठा आवाज दाबून पातळी सपाट करणारं साधन) घट्ट लावलेल्या आवृत्तीत बास निघताच उरलेला आवाज फुगून वर येतो, आणि बास परतला की कोसळल्यासारखं काही वाटतच नाही. ऑडॅसिटीत तो आलेख समोर ठेवा. मूळ प्रतीत त्या मापांत आलेख बारीक होतो, ठेचलेल्या आवृत्तीत तो वीट ठेवल्यासारखा सपाट दिसतो. प्रतिध्वनीची शेवटची ओळख पटणारी उसळी कितवी, हेही दोन्हीकडे मोजा. सळसळ पुसलेल्या आवृत्तीत एकदोन उसळ्या कमी भरतात.

साठच्या दशकातलं स्का आणि रॉकस्टेडी, म्हणजे रेगेच्या आधीचं जमैकन संगीत, असेल तर मोनोचं बटण दाबून पाहा. मूळ मोनो गाण्याला नंतर खोटं स्टीरिओ केलं असेल तर मोनोत आणताच ते घोगरं आणि पोकळ होतं. तसं झालं तर पुढे ऐकायचीही गरज नाही, दुसरी आवृत्ती शोधा.

एवढं झाल्यावर आंधळी चाचणी. फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्सची (न सांगता वाजवलेली फाइल दोनपैकी कोणती ते ओळखण्याची) सोय आहे, किंवा घरातल्या कोणाला तरी फाइल बदलायला बसवा. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखता आलं तर निव्वळ अंदाजाने तसं घडण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे फरक खरा मानायला हरकत नाही. रेकॉर्डची टिकटिक मात्र लगेच ओळख देते, म्हणून शक्य तितके शांत तुकडे निवडा.

डायनॅमिक रेंजचे (लहान-मोठ्या आवाजातल्या फरकाचे) जे आकडे इंटरनेटवर फिरतात, त्यांवरून रेकॉर्ड आणि सीडीची तुलना करू नका. एकाच मास्टरवरून काढलेली रेकॉर्डसुद्धा त्या मीटरवर जास्त आकडा दाखवते, कारण कटिंग आणि सुईच्या प्रवासात आलेखाची टोकं हलतात. दोन सीडींची किंवा दोन फाइलींची आपसात तुलना करायला तो आकडा ठीक आहे.

पैसे कुठे घालावेत

कव्हरवरचं "१८० ग्रॅम" वाचून भुलू नका, प्लॅस्टिकच्या जाडीचा मास्टरिंगशी संबंध नाही. "हाफ-स्पीड" हे निदान एका खऱ्या पद्धतीचं नाव आहे. २०२०मध्ये मार्लीचे अल्बम अॅबी रोडला अर्ध्या वेगाने कट होऊन आले. त्या पद्धतीत वरचे सूर कोरायला यंत्राला उसंत मिळते, पण ४० हर्ट्झचा बास २० हर्ट्झ होऊन त्याच्यासमोर येतो. म्हणून त्या प्रती ऐकताना झांजांच्या स्वच्छतेवर खूश होण्याआधी बासची ओळ पुन्हा एकदा तपासा.

आयलंडच्या सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश प्रती शांत व्हिनाइलवर दाबलेल्या आणि मोठ्या संख्येने निघालेल्या, त्यामुळे व्हीजी प्लस (विक्रेत्यांच्या शेऱ्यांत व्हीजी म्हणजे 'व्हेरी गुड', प्लस त्याहून थोडी बरी) अवस्थेतली प्रत मिळाली तर मी रीमास्टरआधी ती घेईन. जमैकन मूळ प्रतींचं वेगळं आहे. तिथला बासचा ठोसा अनेकदा अतुलनीय असतो, पण व्हिनाइल खरखरीत, भोक सरकलेलं आणि आधीच्या मालकाच्या पार्ट्यांत घासून गेलेलं. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम्सचं शुल्क धरलं की व्हीजी शेऱ्याची प्रतही महाग पडते. विक्रेत्याकडे आधी मॅट्रिक्सचा फोटो आणि शक्य असेल तर एका शांत जागेची वाजवलेली क्लिप मागा. द्यायला तयार नसेल तर सोडून द्या.

कल्चर या गायकगटाच्या 'टू सेव्हन्स क्लॅश'सारख्या अल्बमसाठी मी नवी आवृत्तीच सुचवेन: २०१७च्या व्हीपीच्या आवृत्तीत मूळ अल्बमसोबत डब आणि संबंधित मुद्रणंही एकत्र मिळतात. जो गिब्जच्या स्टुडिओतल्या त्या रिदमवर थॉम्पसनने काय काय केलं, हे शेजारी-शेजारी ऐकायला मिळणं हा मोठा लाभ आहे. त्या आवृत्तीवर वर सांगितलेली सगळी तपासणी करून पाहा, आणि निकाल लिहिताना प्रत्येक आवृत्तीचा मॅट्रिक्स किंवा कॅटलॉग क्रमांक, सुई, वेगातला फरक आणि ऐकलेली जागा मिनिट-सेकंदासह नोंदवा, म्हणजे दुसऱ्या कोणाला तीच जागा स्वतःच्या प्रतीवर पडताळता येईल.